आधी उलटायला शिका

मे महिन्यात कोकणातून प्रवास करताना वाटेत पूल लागतात, पण पुलाखाली नदी लागत नाही. दगडगोट्यांचे कोरडे पात्र, मधूनच एखादा हिरवट डोह, त्यात डुंबणाऱ्या म्हशी. अशा दिवसांतही रोहा तालुक्यात कोलाडजवळ कुंडलिका सकाळच्या वेळी खळाळत वाहते.

हे पाणी मुळात कुंडलिकेचे नव्हे, मुळेचे. मुळा ही पुण्याकडे जाणारी नदी. तिचे पाणी भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळायचे. मुळशीच्या धरणात अडवलेले हे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली, भिऱ्याच्या वीजगृहात उतरवले जाते. तिथे जनित्रे फिरवून ते कुंडलिकेत येते आणि रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. भिऱ्याचे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. धरणासाठी मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि त्या वाचवण्यासाठी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. कुंडलिकेत खेळायला उतरणाऱ्याने हे पाणी कुठून आणि कोणाच्या शेतांवरून आले, एवढे तरी जाणून असावे.

वीजनिर्मितीनंतर सुटणाऱ्या याच पाण्यावर आज सुमारे बारा किलोमीटरच्या पट्ट्यात राफ्टिंग चालते. राफ्टमध्ये सात-आठ जण असतात, मागे बसलेला वाटाड्या हुकूम देतो आणि बाकीचे वल्हवतात. कधी कधी त्या राफ्टच्या आसपास एक छोटी, निमुळती, बंदिस्त होडी दिसते. तिच्यात कमरेपर्यंत आत बसलेला एकच माणूस असतो आणि त्याच्या हातात दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे असते. कोणी राफ्टमधून पाण्यात पडले तर सर्वांत आधी हाच माणूस त्याच्यापर्यंत पोहोचतो. ही होडी म्हणजे कयाक.

राफ्टमधून उतरल्यावर अनेकांना वाटते, आता कयाक शिकावी. हे प्रकरण त्यांच्यासाठी आहे. नवख्याच्या मनात पहिला प्रश्न असतो, ही होडी पुढे कशी न्यायची? पुढे नेण्याचे काम नदी आपणहून करते. शिकाव्या लागतात त्या दोन गोष्टी: हवे तिथे थांबणे, आणि उलटल्यावर सुखरूप बाहेर येणे. पुढे जे काही सांगितले आहे ते या दोन गोष्टींभोवतीच फिरते.

पाण्याचे वजन

पावसाळ्यात आपण रोज बातम्या वाचतो: अमुक धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ टन पाणी तुमच्या समोरून जाते. नदीच्या ताकदीचा अंदाज यायला हा एक आकडा पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. प्रवाहात उभ्या राहिलेल्या माणसाच्या अंगाचा अर्धा चौरस मीटर भाग पाण्यासमोर आहे असे धरू. सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्याएवढ्या वेगाचे, त्याला ढोबळ हिशेबाने २५ किलोच्या जोराने ढकलते. वेग दोन मीटर झाला की तोच जोर १०० किलोचा होतो आणि तीन मीटरला २२५ किलोच्या आसपास जातो. दंडाच्या ताकदीने नदीशी झुंजता येत नाही, याचे कारण या हिशेबात आहे. चांगला कयाकर पाण्याशी भांडत नाही. कोणते पाणी आपल्याला हव्या त्या ठिकाणी नेते आहे ते शोधून तो त्यात शिरतो. म्हणूनच बेताच्या ताकदीची, पण नदी नीट पाहणारी मुलगी पैलवानापेक्षा लवकर शिकते.

खळाळते पाणी पांढरे दिसते, कारण त्यात हवा मिसळलेली असते. बुडबुड्यांवरून प्रकाश सगळीकडे विखुरतो. फेसाळ पाणी साध्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्यात होडी अधिक खोल बसते आणि वल्ह्याला पुरेशी पकड मिळत नाही. पांढऱ्या फेसाखालून जाणारा हिरवा, घट्ट प्रवाह शोधून त्यात वल्हे रोवावे लागते.

नदीची अक्षरे

नदी वाचायची म्हणजे पृष्ठभाग पाहून तळाचा अंदाज घ्यायचा. दोन दगडांमधून पाणी जाते तेव्हा वरून पाहताना इंग्रजी ‘व्ही’सारखी गुळगुळीत जीभ दिसते. तिचे टोक खालच्या अंगाला असेल तर तीच वाट. टोक वरच्या अंगाला, म्हणजे तुमच्याकडे असेल, तर त्या टोकाशी दगड आहे. पुढची नदी एकाएकी दिसेनाशी झाली, पात्र एखाद्या रेघेवर संपल्यासारखे वाटले, तर तिथे पाणी खाली पडते आहे. अशा ठिकाणी काठाला लागायचे, चालत जाऊन पाहायचे आणि मगच ठरवायचे. होडी खांद्यावर घेऊन तो टप्पा काठाने ओलांडण्यात कमीपणा काहीच नाही. जाणते कयाकर हे नेहमी करतात.

पाणी दगडावरून खाली पडते तेव्हा दगडामागे वरचे पाणी उलटे फिरून पुन्हा दगडाकडे येते. या खळग्याला कयाकर ‘होल’ म्हणतात. त्याच्या दोन्ही कडा खालच्या अंगाला वळलेल्या असतील तर बाजूने निसटता येते. कडा वरच्या अंगाला वळलेल्या असतील तर पाणी माणसाला परत परत मध्यभागी ओढते, म्हणून असा खळगा टाळायचा.

यातला सर्वांत फसवा खळगा माणसाने बांधलेला असतो. तो म्हणजे बंधारा. महाराष्ट्रात नदीनाल्यांवर जागोजागी बंधारे आहेत. वरून पाहणाऱ्याला पाण्याची एक सरळ, शांत चादर खाली पडताना दिसते, आवाजही फार नसतो. पण ही चादर काठापासून काठापर्यंत सारखी पडते, त्यामुळे खालचा उलटा प्रवाहही काठापासून काठापर्यंत सलग असतो आणि बाजूने निसटायला फट उरत नाही. भरल्या बंधाऱ्यावरून कयाक कधीही उतरवू नये.

दुसरा शत्रू म्हणजे पात्रात पडलेले झाड. त्याच्या फांद्या चहाच्या गाळणीसारखे काम करतात: पाणी पार जाते आणि माणूस अडकतो. पुरानंतर अशी झाडे नव्या जागी येऊन बसतात. काल मोकळी असलेली वाट आज मोकळी असेलच असे नाही.

नदीचे वर्ग

नदीच्या अवघडपणाची एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. पहिल्या वर्गात प्रवाह वाहता, पण अडथळे फार कमी. दुसऱ्यात लाटा लहान आणि वाट स्पष्ट. तिसऱ्यात लाटा अनियमित आणि होडी अचूक वळवावी लागते. चौथ्यात जोर मोठा, चुकीला वाव थोडा, आणि शिरण्याआधी काठावरून पाहणे बहुधा आवश्यक. पाचवा वर्ग निष्णातांचा. सहावा म्हणजे शक्यतेच्या सीमेवरचे पाणी. कोलाडचा पट्टा दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात मोडतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. वर्ग त्या दिवशीच्या पाण्याचा असतो, नदीचा कायमचा नव्हे. धरणाने विसर्ग वाढवला की तीच नदी वेगळी होते. धरणाखालच्या पात्रात उतरण्यापूर्वी पाणी कधी आणि किती सुटणार आहे, याची चौकशी झालीच पाहिजे.

अंगावरचे सामान

कयाक हा ग्रीनलंड आणि आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांचा शोध. लाकूड आणि हाडे यांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते शिकारीची होडी बनवत. १९०५ साली आल्फ्रेड हॉयरिश या जर्मन विद्यार्थ्याने घडी घालून रेल्वेने नेता येईल अशी कयाक तयार केली. दोन वर्षांनी योहान्स क्लेपर या व्यावसायिकाने तिचे हक्क घेतले आणि कयाक युरोपच्या नद्यांवर पसरली. पुढे फायबरग्लास आले, पण ते दगडावर फुटे. १९७० च्या दशकात साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या कयाक आल्या. दगडावर आपटूनही त्या टिकू लागल्या आणि हा खेळ सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला.

नवख्याने अडीच मीटरच्या आसपास लांबीची, रुंद आणि भरपूर तरंगणारी कयाक घ्यावी. कसरतीसाठी बनवलेल्या आखूड, चपट्या कयाक सुरुवातीला टाळाव्यात. होडी भाड्याने मिळाली तरी ती बुटासारखी अंगाला बसली पाहिजे. पाय टेकणीला लागलेले, गुडघे आतून टेकलेले, कंबर दोन्ही बाजूंनी धरलेली. कमरेची हालचाल होडीपर्यंत पोहोचते ती या बसण्यातून.

हेल्मेट आणि घट्ट बसणारे लाइफ जॅकेट यांच्याशिवाय पाण्यात पाऊल नाही. खांद्यांना धरून वर ओढल्यावर जॅकेट कानापर्यंत सरकत असेल तर ते सैल आहे. कमरेभोवती निओप्रीनचा स्प्रे स्कर्ट असतो. तो बैठकीच्या कडेवर ताणून बसवला की पाणी आत शिरत नाही. त्याला पुढच्या बाजूने एक पट्टी असते आणि ती ओढली की स्कर्ट सुटतो. ही पट्टी बाहेर राहिली आहे ना, हे प्रत्येक वेळी हाताने चाचपून पाहायचे. ती आत दाबली गेली आणि होडी उलटली, तर बाहेर यायला वेळ लागेल, आणि तिथे वेळच नसतो.

पहिला धडा: बाहेर येणे

नदी अजून दूर आहे. पहिला धडा पोहण्याच्या तलावात किंवा परवानगी असेल तिथे धरणाच्या संथ पाण्यात घ्यायचा. पाणी कमरेएवढे, शिक्षक बाजूला उभा. दीर्घ श्वास घ्या आणि कयाक मुद्दाम उलटवा.

आता तुम्ही पाण्याखाली डोके खाली करून लटकत आहात. नाकात पाणी जाते, कानात आवाज घुमतो आणि पाय झाडावेसे वाटतात. पाय झाडायचे नाहीत. पुढे वाका, इतके की तोंड होडीच्या जवळ येईल. दोन्ही हात वर काढून होडीच्या तळावर तीन वेळा थापट्या मारा. या थापट्यांनी दोन गोष्टी साधतात: जवळच्या माणसाला मदत हवी आहे हे कळते, आणि तुमचे मन ताळ्यावर येते. मग दोन्ही हात बैठकीच्या कडेने पुढे सरकवत पट्टी शोधा, ती पुढे आणि वर ओढा, हात कमरेपाशी आणून होडी विजारीसारखी अंगावरून ढकला. पाय आपोआप सुटतात आणि जॅकेट तुम्हाला वर आणते. सारे मिळून काही सेकंद.

हे एकदा करून भागत नाही. दहा वेळा करा, डोळे मिटून करा, पट्टी एका हाताने शोधून करा. पाण्याखाली अडकण्याची भीती गेली की शरीर मोकळे होते आणि शिकायला तयार होते. जिची भीती गेलेली नाही ती व्यक्ती नदीत प्रत्येक लाटेला ताठरते, आणि ताठरलेला माणूसच सर्वांत लवकर उलटतो.

दुसरा धडा: थांबणे

मुंबईत गर्दीच्या वेळी दादरच्या पुलावर खांबामागे उभे राहिले की लोंढा दोन्ही बाजूंनी निघून जातो आणि खांबामागे श्वास घेण्याएवढी जागा उरते. नदीतही मोठ्या दगडामागे असाच आडोसा तयार होतो. तिथले पाणी स्थिर असते किंवा हलकेच उलट्या दिशेने फिरते. कयाकर या जागेला ‘एडी’ म्हणतात. खळाळत्या नदीत विसावा घेण्याची, मागच्यांची वाट पाहण्याची, पुढचा टप्पा नीट न्याहाळण्याची जागा हीच. एका एडीतून दुसऱ्या एडीत अशा उड्या घेत नदी उतरायची असते.

मुख्य प्रवाह आणि एडी यांच्या मधोमध एक सीमारेषा असते. रेषेच्या अलीकडचे पाणी एकीकडे जाते आणि पलीकडचे दुसरीकडे. नवखे लोक बहुधा याच रेषेवर उलटतात. ती तिरपी आणि वेगाने ओलांडायची. ओलांडताना सायकल वळणावर आत झुकवतो तसे वळणाच्या आत झुकायचे. एडीतून प्रवाहात शिरताना येणाऱ्या पाण्याला होडीची कड दाखवायची नाही, तळ दाखवायचा. कड दाखवली की पाणी तिच्यावर चढते आणि क्षणात होडी उलटवते. दगडावर आदळायची वेळ आली तरी नियम हाच. मन दगडापासून लांब झुकायला सांगेल, पण तेव्हा दगडाकडेच झुकायचे, प्रसंगी त्याला मिठी मारायची.

नदी आडवी पार करायची कला आपल्या नावाड्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीचा नावाडी नावेचे नाक किंचित वरच्या अंगाला धरतो, आणि प्रवाहच तिला पैलतीराकडे सरकवतो. कयाकमध्येही तेच. कोन फार उघडला की होडी खाली वाहून जाते, आणि फार मिटला की ती जागच्या जागी झगडत राहते. योग्य कोन हाताला कळायला शंभरेक फेऱ्या लागतात.

तिसरा धडा: रोल

उलटल्यावर होडीतून बाहेर न येता, वल्ह्याच्या आणि कमरेच्या साहाय्याने पुन्हा सरळ होण्याला रोल म्हणतात. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांना गोठवणाऱ्या समुद्रात होडी सोडून पोहणे म्हणजे मरणच. त्यामुळे त्यांनी या विद्येचे अनेक प्रकार विकसित केले. युरोपात १९२७ मध्ये, म्हणजे भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले त्याच वर्षी, एडी पावलाटा या ऑस्ट्रियन माणसाने प्रवासवर्णने वाचून आणि स्वतः प्रयोग करून रोल साधला. त्याच्या पद्धतीला आजही त्याचे नाव आहे.

रोलमध्ये हातांचे काम कमी आणि कमरेचे जास्त. तलावाच्या कठड्याला दोन्ही हातांनी हलके धरून, होडी कमरेने उलटी-सुलटी करण्याचा सराव आधी करायचा. कठड्यावर जोर द्यावा लागत असेल तर कंबर काम करत नाही असे समजावे. ती जमली की मग वल्हे. वल्हे पृष्ठभागावर अर्धवर्तुळात फिरवायचे, त्याच वेळी कमरेचा झटका द्यायचा, आणि डोके सर्वांत शेवटी बाहेर काढायचे. श्वासासाठी धडपडणारे मन डोके आधी काढायला सांगते. पण डोके आधी उचलले की शरीराच्या वळण्याने होडी पुन्हा खाली जाते. नव्वद टक्के सराव म्हणजे ही एक सवय मोडणे. हात नेहमी छातीसमोर आणि कोपर खाली ठेवायचे. वल्हे डोक्यामागे गेले की खांदा निखळण्याचा धोका असतो, आणि या खेळात खांद्याचीच दुखापत फार होते.

रोल येईपर्यंत नदीत जायचे नाही असे नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या पाण्यात बाहेर येऊन पोहणे पुरते. मात्र पोहण्याची रीत माहीत हवी. पाठीवर झोपायचे, पाय खालच्या अंगाला आणि पृष्ठभागावर ठेवायचे, तिरपे पोहत काठ गाठायचा. वाहत्या पाण्यात गुडघ्यापेक्षा खोल असताना उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही. तळच्या दगडांच्या फटीत पाऊल अडकले की पाणी माणसाला पुढे आडवे पाडते आणि तो उठू शकत नाही. फक्त झाडाच्या गाळणीपुढे हा नियम बदलतो. तिथे पालथे होऊन जोराने तिच्याकडे पोहायचे आणि फांद्यांवर चढायचे.

कुठे आणि कोणाबरोबर

हिमालयातून मैदानात उतरणारी ऋषिकेशची गंगा ही भारतातली सर्वांत जुनी आणि गजबजलेली शाळा. शिवपुरी, ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात काही दिवसांचे कयाकिंगचे वर्ग चालतात. पावसाळ्यात तिथे राफ्टिंग बंद असते आणि साधारण सप्टेंबरअखेरपासून पुन्हा सुरू होते. केरळात कोझिकोड जिल्ह्यात मात्र ऐन पावसाळ्यात मलबार नदी महोत्सव भरतो आणि देशोदेशीचे कयाकर येतात. अहिल्यादेवी होळकरांच्या महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेवर, २०२३ मध्ये खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांतली कॅनो स्लॅलोम, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या फाटकांमधून होडी नेण्याची शर्यत, झाली. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये प्रथम आलेला आणि १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये सातत्याने असलेला हा प्रकार आता आपल्या शेजारच्या नदीवरही खेळला जातो.

शिकायला जिथे जाल तिथे शिक्षकाला विचारा: किती विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक? दोर फेकायच्या थैल्या सोबत आहेत का? जखमी माणसाला रस्त्यापर्यंत कसे आणणार? पाणी वाढले तर उतरणे रद्द करणार का? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर माणूस ओळखता येतो.

आणि एकट्याने कधी नाही. जिनो वॉटकिन्स या ब्रिटिश संशोधकाने १९३० च्या सुमारास ग्रीनलंडमध्ये इनुइट लोकांकडून रोल शिकून घेतला. त्या पिढीतल्या युरोपीय कयाकरांमध्ये तो अग्रगण्य होता. ऑगस्ट १९३२ मध्ये तो कयाक घेऊन एकटाच सीलच्या शिकारीला गेला. त्याची कयाक तरंगताना सापडली, तो सापडला नाही. वय अवघे पंचविशीचे. कौशल्य कितीही असले तरी दोर फेकायला काठावर माणूस लागतो. किमान तिघे असावेत: एक पाण्यात, एक मदतीला आणि एक बाहेरून मदत आणायला.

पहिल्या दिवशी तुमच्या शिक्षकाने तुम्हाला नदीत नेण्याआधी संथ पाण्यात उलटवले नाही, तर तुम्ही स्वतःहून तशी मागणी करा. आणि ती मागणी जो नाकारेल, त्याच्याबरोबर पाण्यात उतरू नका.